मुलाखत घेतली, तर निकालही कळवा

मुलाखत देऊन गेलेल्या उमेदवाराला पुढे काहीच न कळवणे, ही खासगी नोकरभरतीची आता रीतच होऊन बसली आहे. हिंजवडी किंवा खराडीतल्या आयटी कंपनीची भरती साधारण ठरलेल्या वाटेने जाते. आधी ऑनलाइन चाचणी, मग तांत्रिक मुलाखतीच्या एक-दोन फेऱ्या, त्यानंतर मॅनेजर आणि शेवटी एचआर. शनिवारच्या ‘वॉक-इन’साठी लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेला उमेदवार सकाळीच गेटवरच्या वहीत नाव, मोबाइल आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहितो, गळ्यात बिल्ला अडकवतो आणि दुपारी कधीतरी त्याचा नंबर लागतो. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सगळे विचारून आणि मागून घेतले जाते. निरोप देताना एवढेच सांगतात, ‘कळवतो’. मग फोन उचलला जात नाही आणि कंपनीच्या पोर्टलवर अर्ज महिनोन्महिने ‘अंडर रिव्ह्यू’ दिसत राहतो.

कंपन्यांचा बचाव असा की अर्ज हजारोंनी येतात, प्रत्येकाला उत्तर कोण देणार? नुसत्या अर्जांपुरते हे मान्य करता येईल. पण शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचणारे मोजकेच असतात आणि त्यांचे ईमेल पत्ते कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. मुलाखतीचे बोलावणे त्याच पत्त्यांवर गेलेले असते. नकाराला तेवढी सवड मिळत नाही. कारण सांगितले तर वाद उद्भवतो, हाही मुद्दा पुढे केला जातो. कारण न देताही ‘निवड झालेली नाही’ हे कळवता येते.

खरी गोम नोटीस पीरियडमध्ये आहे. अनेक मोठ्या आयटी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो. आज निवडलेला माणूस तीन महिन्यांनी रुजू होणार, आणि तेवढ्यात दुसरीकडून जास्त पगाराचे ऑफर लेटर मिळाले तर तो येणारही नाही, ही धास्ती कंपनीला असते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ना होकार ना नकार, असे टांगून ठेवले जाते. उमेदवारही मग हातात दोन-तीन ऑफर ठेवू लागतो आणि कंपनीची धास्ती आणखी वाढते. हे चक्र कंपन्यांनीच लावलेल्या नोटीस पीरियडमधून सुरू झालेले असताना त्याची किंमत मात्र नोकरी शोधणाऱ्याने मोजायची, हा कुठला न्याय?

राखीव उमेदवार ठेवण्यात गैर काही नाही. सरकारी भरतीत त्यालाच प्रतीक्षा यादी म्हणतात आणि ती अनेकदा उघड असते. लोकसेवा आयोगांच्या परीक्षांची रखडपट्टी सर्वश्रुत आहे. त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत २७५ गुणांच्या मुलाखतीत किती गुण पडले, हे नापास झालेल्यालाही शेवटी कळते. चार दिवसांत पाच फेऱ्या उरकणाऱ्या कंपनीला एक ओळ जड व्हावी, हे नवलच.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. १९५९च्या सेवायोजन कायद्याने ठरावीक आकाराच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले. मात्र तिथूनच माणसे घेण्याची सक्ती केली नाही आणि मुलाखतीच्या निकालाबद्दल काहीच म्हटले नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरात देऊन केलेल्या भरतीत शेवटच्या मुलाखतीनंतर ४५ दिवसांच्या आत, निर्णय झाला की नाही, हे उमेदवाराला कळवावे लागते.

महाराष्ट्राला सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. राज्य सरकार रोजगार मेळावे भरवते, महाविद्यालयांचे प्लेसमेंट सेल कंपन्यांना आवारात बोलावतात. दोन्ही ठिकाणी नोंदणीच्या वेळीच लेखी अट घालता येईल: निकाल कळवण्याची तारीख मुलाखतीच्या दिवशीच सांगायची, प्रतीक्षा यादी असल्यास उमेदवाराला त्याचा क्रमांक आणि यादीची मुदत कळवायची. अट मोडणाऱ्या कंपनीला पुढच्या मेळाव्यात टेबल देऊ नये.