दुकानाची किल्ली आणि संगणकाची

"आमचे दुकान ते केवढे! आमच्याकडे कोण चोरी करायला येणार?" संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की लहान व्यापाऱ्याचे हे उत्तर ठरलेले. रात्री कुलूप लावल्यावर हाच गृहस्थ ते दोनदा ओढून पाहतो. परंतु ज्या यंत्रात सारा हिशेब, गिऱ्हाइकांची उधारी आणि मालाच्या पावत्या आहेत, त्याचा परवलीचा शब्द म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे १२३!

हा समज मुळातच खोटा आहे. घरफोड्या वाडा हेरून येतो. संगणकावरचा दरोडेखोर घर कोणाचे हे बहुधा पाहतच नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव सुमारे दीडशे देशांत पसरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि त्या सोडविण्यासाठी तीनशे डॉलर मागायचे, अशी त्याची रीत. विंडोजमधील ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी "करू सावकाश" म्हटले ते सापडले. त्यांत मोठी इस्पितळे होती, तशी लहान कचेऱ्याही होत्या.

मोठ्यांची कथा तर पुण्याचीच. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पैसे काढण्यास मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली तोतया यंत्रणा उभी केली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रकमा उचलल्या. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळते केले. एकूण ९४ कोटींहून अधिक! पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. पण ही बहुतेक हाताखालची माणसे.

मग पुन्हा लाल चोपडीकडे वळावे काय? मुळीच नाही. २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीच्या गाडीवरही सुट्या पैशांची कटकट संपली. क्यूआरच्या चिठ्ठीवर कोणी दुसरी चिठ्ठी चिकटविली, तर पैसे परस्पर जातात. पण रक्कम मोठ्याने सांगणारी ती छोटी पेटी गप्प राहिली की दुकानदार तेव्हाच सावध होतो. हेही तंत्रज्ञानच ना? किंबहुना जुन्या पेढीचे शहाणपण नव्या यंत्राला लावले की निम्मे काम होते. पेढीवर मोठ्या रकमेला दोन सह्या लागत. तसा परवलीच्या शब्दाबरोबर फोनवरचा दुसरा पडताळा. महत्त्वाच्या कागदाची नक्कल दुसऱ्या घरी ठेवीत. तशी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवायची. कायम जोडून ठेवलेली डिस्क मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते, हे पुष्कळांना नुकसान झाल्यावरच कळते. "आमचे बँक खाते बदलले आहे" असे माल पुरविणाऱ्याचे ईमेल आले, तर त्याच्या जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून विचारावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे तर पाटीवर लिहून टांगावे.

माझी खरी तक्रार निराळी आहे. हे सारे सांभाळतो कोण? गल्ल्यावरचा पोऱ्या, नाही तर बी. ए. होऊन हिशेबाला बसलेली मुलगी. म्हणजे उद्याचे आपणच! मालक एकच परवलीचा शब्द चौघांना देतो, शिकवीत काही नाही, आणि पैसे गेले की बोट त्या मुलीकडे. प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश दिला, तर कोणी काय केले याची नोंद तरी राहील आणि निरपराध माणूस सुटेल. बरे, पडद्यावरील इशारे पुष्कळदा इंग्रजीत. अर्थ न कळता 'ओके' दाबले जाते, त्यात त्या मुलीचा दोष तो किती?

येथे आपल्या कला शाखेला काम आहे. असे दहा-वीस इशारे सोप्या मराठीत मांडून मराठी विभागाने ते बाजारपेठेत वाटावेत. वाणिज्य शाखेची वाट कशाला पाहायची? सर्वांत वर १९३० हा क्रमांक ठळक छापावा. फसवणूक होताच तेथे फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता असते. पहिला तास मालकाची बोलणी खाण्यात गेला, तर ती शक्यताही जाते.