गिअर नको, पण किल्ली बंद करा



महिनाभर आमच्या घरी जेवणाच्या ताटावर एकच वाद चालू आहे. नातवाला इलेक्ट्रिक गाडी हवी आहे, पण गिअरची. अहमदाबादच्या मॅटर कंपनीने 'एरा' नावाची 4 गिअरची इलेक्ट्रिक मोटारसायकल काढली आहे. तिला क्लचसुद्धा आहे आणि गिअर पायाने टाकायचे. तो म्हणतो, "दादी, गिअर नसेल तर गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही." मुलगा म्हणतो, विजेच्या गाडीला गिअर कशाला?

मी मुलाच्या बाजूची. पेट्रोलचं इंजिन कमी फेऱ्यांत दमतं, म्हणून चढावर किंवा डबलसीट असताना खालचा गिअर टाकावा लागतो. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते, म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक दुचाक्यांना गिअर बदलावाच लागत नाही. गिअरमुळे चढाला जोर आणि सपाटीला वेग दोन्ही मिळतात हे नातवाचं म्हणणं खोटं नाही. पण दिंद्रुडहून माजलगावला जायला असा कोणता घाट लागतो? क्लच आला, गिअरबॉक्स आला, म्हणजे देखभाल आली. मी कॉमर्सची पदवीधर. ज्या खर्चातून काही हाती लागत नाही तो मला खुपतो.

शिवाय जुनी गोष्ट आहे. ह्यांच्याकडे बजाज चेतक होती. डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ फिरवून गिअर. मी एकदाच शिकायला बसले. क्लच सुटला, गाडीने उडी मारली आणि मी साडीसकट खाली. पुन्हा हात लावला नाही. माझी सुटका केली लूनाने. नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकने ती 1972 मध्ये आणली. ना क्लच, ना गिअर, पेट्रोल संपलं तर पेडल मारायचं. आमच्या भागात शिक्षिका, नर्सबाई लूनावरून जायच्या. गिअर ही पुरुषांच्या हौसेची गोष्ट असेल, बायकांसाठी ती बराच काळ अडसरच होती.

एवढं ठाम मत असूनही मागच्या सोयाबीनच्या दिवसांत मी हादरले. सुनेची बिनगिअरची इलेक्ट्रिक स्कूटर अंगणात आली. ती पाय टेकवून, बसल्या बसल्याच शेजारणीकडून डबा घेत होती. चार वर्षांची नात पुढे उभी. किल्ली चालू होती, पण आवाज नाही, थरथर नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातच नाही. पोरीने मूठ पिळली. गाडी सरळ पडवीतल्या पोत्यांवर गेली. पोत्यांच्या पलीकडे मी सामायिकाला बसले होते. नातीचं कोपर फुटलं, सुनेचा पाय मुरगळला. स्टँड लावला की बऱ्याच गाड्यांची मोटर आपोआप बंद होते, पण तेव्हा स्टँड लावलाच नव्हता.

त्या दिवशी गिअरची एक बाजू मला कळली. गिअरची गाडी न्यूट्रलला असली तर मूठ पिळून नुसती ओरडते, जागची हलत नाही. पेट्रोलची बिनगिअरची गाडी पळते खरी, पण ती चालू आहे हे कानाला कळतं. विजेच्या गाडीत ही दोन्ही कुंपणं नाहीत.

आपल्या साधू-साध्वींना ईर्या समिती आहे. पुढची चार हात जमीन बघत, जीव सांभाळत पाऊल टाकायचं. आपण वाहनात बसणारे श्रावक, ती समिती आपल्याला तशी पाळता येत नाही. पण यत्ना तरी? पहाटे विहाराला निघालेल्या महासतीजींना मागून येणारी ही गाडी ऐकूही येत नाही. आधी थोडी यत्ना यंत्रच आपल्याकडून करून घ्यायचं. क्लच दाब, गिअर टाक, मग पुढे जा. आता ती आपणच करायची आहे.

म्हणून घरात दोन नियम केले. गाडी थांबली की आधी किल्ली बंद, मग बोलणं. आणि लहान मूल पुढे उभं करायचं नाही, कितीही रडलं तरी. दुसरा नियम सुनेपेक्षा आजोबाच जास्त मोडतात.

नातवाला सांगितलंय, गाडीला माझे पैसे हवे असतील तर ती बिनगिअरचीच. गिअरची हवी असेल तर स्वतःच्या पगाराची वाट बघ. सध्या रुसलाय. काल मात्र स्कूटर आत लावताना त्याने किल्ली फिरवल्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला.