बंदूक जुळवावी, विकत घ्यावी, की तारच ओढावी?



ज्वारी पोटऱ्यात आली आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले, की येडशी, वाशी, भूमकडच्या गावांत एकच प्रश्न कानावर येतो. रानडुकरांनी एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवला, हरणांच्या कळपाने हरभऱ्याचे शेंडे खुडले. आता बंदूक घ्यावी म्हणतो. त्याला जोडून दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो : सुटे भाग आणून गावातल्याच कारागिराकडून जुळवून घेतली तर स्वस्तात नाही का पडणार?

याचे उत्तर आधी सरळ देतो. जुळवू नका. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे नुसती नळी घरात सापडली तरी सुटका नाही. विनापरवाना बंदूक तयार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. चार पायल्या ज्वारी वाचवायला निघालेल्या माणसाने सात वर्षांचा हिशेब आधी घरच्या कारभारणीपुढे मांडावा.

कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी धोका राहतोच. कारखान्यात बंदुकीची नळी वापरापेक्षा जास्त दाबाला चाचणी घेऊनच बाहेर पडते. बाजारातला पाइप पाण्यासाठी केलेला, त्याला बहुधा लांबीभर सांधा असतो. बारुदाचा दाब आला की तो सांधा उकलतो, आणि त्या वेळी बंदूक धरणाऱ्याचा चेहरा व डावा हात नळीजवळच असतो. डुक्कर मात्र दूर उभे असते.

मग विकत घ्यावी का? कायद्याची वाट आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ठासणीची पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूकही मंजूर होऊ शकते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा, सातबारा सोबत ठेवावा. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणे वापरण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. परवाना ५ वर्षांचा असतो.

रायफलीचा नाद मात्र सोडावा. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची .३१५ ची रायफल पुष्कळांनी ऐकलेली असते. तिची गोळी डुकराला चुकली तर मैलभर पुढे जाऊ शकते. आपल्याकडे माणसे शेतात वस्ती करून राहतात, रात्री कोणी पाणी द्यायला गेलेले असते. अशा रानात अंधारात रायफल चालवणे मला तरी पटत नाही.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. इथेच बरेच जण फसतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरालाही वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. काळवीट आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्याकडे नळी रोखूच नये. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०२४ च्या अखेरीस येडशी-रामलिंगच्या रानात कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा रात्री झुडपात हललेले काय आहे याची खात्री कोण देणार? शिवाय ठासणीची बंदूक एक बार काढते, पुन्हा भरीपर्यंत कळप पांगतो, आणि जखमी डुक्कर माणसावर येते.

म्हणून माझे मत तारेच्या बाजूने आहे. झटका यंत्राची तार म्हणतो, घरची वीज सोडलेली तार नव्हे. २३० व्होल्टची वीज सलग वाहते, धरलेला हात सुटत नाही. अशा तारेने दरसाल माणसे मरतात, आणि बहुतेक वेळा मरणारा शेजारचा किंवा घरचाच असतो. झटका यंत्राचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी झटका सेकंदाला एकच आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी संपणारा. जनावर दचकते, मागे फिरते.

इथे मात्र जुळवावे की घ्यावे, हा प्रश्न रास्त आहे. यंत्र विकत घ्यावे. मोटारसायकलच्या कॉइलवर घरगुती यंत्र करून देणारे भेटतात, पण त्यात एक झटका किती ताकदीचा व किती वेळाचा यावर कोणाचा ताबा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याला ५ ज्यूलची मर्यादा आहे. यंत्रावर ताकद छापलेली पाहूनच पैसे द्या, पावती घ्या.

बाकीचे सगळे घरी जुळवा, तिथे पैसा वाचतो. खांब, गॅल्व्हनाइज्ड तार, इन्सुलेटर, १२ व्होल्टची बॅटरी, सौर पट्टी. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी गुडघ्याला. हरणासाठी वर आणखी दोन-तीन, छातीच्या वरपर्यंत. अर्थिंगला हयगय नको : तीन सळया खोल ठोकाव्यात. आपल्या मुरमाड माळावर जानेवारीनंतर जमीन वाळते आणि झटका लागेनासा होतो, लोक यंत्राला दोष देतात. सळयांपाशी पाणी घाला, किंवा एकाआड एक तार अर्थिंगला जोडा. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की वीज त्यातच मुरते, म्हणून बांध दर आठवड्याला साफ ठेवा. धोक्याच्या पिवळ्या पाट्या लावा, शेजाऱ्याला सांगून ठेवा.

अभयारण्यालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी शासनाच्या योजनेतून अनुदान मिळू शकते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. नुकसान झालेच, तर पीक न मोडता फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून भरपाईचा अर्ज द्या. पंचनामा ताज्या खुणांवर होतो. चार दिवसांनी पाणी दिल्यावर डुकराची पावले कोणाला दाखवणार?