स्वादुपिंडाचा कर्करोग आणि सदतीस हजारांचा संशोधक

पदव्युत्तर परीक्षांचे निकाल लागले की विज्ञान महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर एका ठरावीक प्रकारच्या जाहिराती झळकू लागतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे जीवशास्त्र आणि जैवमाहितीशास्त्र या विषयांत पीएच.डी. करण्याची ‘सुवर्णसंधी’, ठिकाण बहुधा युरोपातले वा अमेरिकेतले, क्वचित आपल्याकडचे. जाहिरात खोटी नसते. खोटा असतो तो तिच्यातला ‘संधी’ हा शब्द. देणारा दाता आणि घेणारा याचक, असे नाते हा शब्द गुपचूप गृहीत धरतो. वस्तुतः ऐन तारुण्यातली पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत घालवणारा संशोधक विद्यार्थी समाजाकडून घेतो त्याच्या कितीतरी पट त्याला देतो. हा हिशेब एकदा उघडपणे मांडण्याची गरज आहे.

आधी रोगाविषयी. स्वादुपिंड हे जठराच्या मागे दडलेले इंद्रिय. त्यात गाठ धरली तरी पोटातले अस्पष्ट दुखणे, घटते वजन, कावीळ यांपलीकडे ते काही सांगत नाही, आणि सांगते तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. २०२२ साली जगभरात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा रोग जडला आणि सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावले. रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या इतकी जवळजवळ असणे, हीच या रोगाची ओळख. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरांत तेरा.

या गाठींपैकी ९० टक्क्यांहून अधिक गाठींत ‘के-रास’ नावाच्या एका जनुकात बिघाड आढळतो. पेशीला वाढण्याचा आदेश देणारी ही कळ; ती चालू स्थितीत अडकून बसते. रास जनुकांचे कर्करोगाशी असलेले नाते १९८०च्या दशकाच्या आरंभीच ठाऊक झाले होते. पण त्या प्रथिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधाला पकड घेता येईल अशी जागाच सापडेना, आणि पुढची तीस वर्षे औषध कंपन्यांनी ‘यावर औषध शक्य नाही’ असे म्हणून हात झटकले. जिथे नफ्याची खात्री नाही तिथे भांडवल फिरकत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. अखेर २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी विद्यापीठातील एका प्रयोगशाळेने या प्रथिनाच्या एका बिघडलेल्या रूपात औषध बसू शकेल अशी खाच दाखवून दिली. त्या शोधनिबंधाच्या दोन अग्रलेखकांपैकी एक जण संशोधक विद्यार्थी होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सरकारी खर्चाने रास संशोधनाचा खास उपक्रम सुरू केला. मग मात्र कंपन्यांची रीघ लागली.

२०२१ च्या मे महिन्यात या वाटेवरचे पहिले औषध, सोटोरासिब, अमेरिकेत मंजूर झाले. तेही फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. ज्या रूपावर ते चालते ते स्वादुपिंडाच्या गाठींत शंभरांत एक-दोनच वेळा आढळते. इतर रूपांवरची औषधे त्यानंतर चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचली. सोटोरासिबची किंमत ठरली महिन्याला १७,९०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तेरा लाख रुपये. त्या वर्षी भारतातल्या कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती होती दरमहा ३१ हजार. म्हणजे एका रुग्णाच्या एका महिन्याच्या गोळ्यांत येथला एक संशोधक साडेतीन वर्षे पोसला गेला असता. वाट खणली ती करदात्याच्या पैशाने आणि विद्यार्थ्याच्या कष्टाने. जकात मात्र भागधारकांची. १९८० साली अमेरिकेने बे-डोल कायदा करून सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधांची एकस्वे विद्यापीठांना घेऊ देण्याची आणि ती कंपन्यांकडे सोपवण्याची जी वाट मोकळी केली, तिचे हे फळ होय.

आता आपल्या घरात डोकावू. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०१९ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजार झाली, आणि २०२३ मध्ये ३७ हजार. दोन्ही वेळा संशोधकांना आधी आवाज उठवावा लागला. शेवटची वाढ १९ टक्क्यांची. मधल्या चार वर्षांत किरकोळ किमतींचा निर्देशांक चढला सुमारे २५ टक्क्यांनी. याला वाढ म्हणावयाचे की कपात? शिवाय ही रक्कम दरमहा हाती पडेल याची शाश्वती नाही. वेतन थकले तर गिरणी कामगार संघटनेकडे तरी जातो. संशोधक विद्यार्थी कायद्याने कामगारही नाही. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना उपदान. राष्ट्रीय पात्रता परीक्षेची पाठ्यवृत्ती न मिळालेल्या केंद्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्याला दरमहा ८ हजार मिळत. २०१५ मध्ये तेही बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांना दिल्लीत अनुदान आयोगाच्या दारात ठाण मांडावे लागले.

आणि महाराष्ट्र? फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या या राज्यात अनुसूचित जातींचे संशोधक विद्यार्थी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये आझाद मैदानावर येऊन बसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत केला. त्यावर गदारोळ झाला आणि विरला. प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी नीट दिले नाही. के-रासच्या प्रथिनातली खाच हे त्याचे एक उत्तर आहे.

येथे पुरोगामी वर्तुळातूनच येणारा एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा, कारण तो प्रामाणिक आहे. क्षयाने आणि कुपोषणाने माणसे मरत असलेल्या देशात स्वादुपिंडाच्या कर्करोगावर पैसा का घालावा? हा तर सुखवस्तू पाश्चात्त्यांचा रोग. भारतात त्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे, हे खरेच. तथापि या आक्षेपात एक गफलत आहे, आणि ती केरळच्या गरिबांच्या पोटात सापडते. १९६०च्या दशकात डॉ. गीवर्गीस यांनी तेथे एका विलक्षण दुखण्याच्या शेकडो रुग्णांची नोंद केली. कोवळ्या वयात पोटात कळा, स्वादुपिंडात खडे, पुढे मधुमेह. आणि रुग्ण बहुतांशी दरिद्री, कृश. दारूचा संबंध नाही. गरिबांच्या ताटातल्या टॅपिओकावर बरीच वर्षे संशय होता. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही. या रोग्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो, हे १९९०च्या दशकात मद्रासच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. २००२ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने, म्हणजे एका सरकारी प्रयोगशाळेने, या दुखण्याचा संबंध ‘स्पिंक-१’ या जनुकातील बदलांशी असल्याचे दाखवले. खडे धरलेल्या स्वादुपिंडात पुढे कर्करोग कोणत्या पायऱ्यांनी शिरतो, हा प्रश्न बोस्टनच्या वा केंब्रिजच्या प्रयोगशाळेला का पडावा? तिच्या दारात तो रुग्ण येतच नाही. तो प्रश्न येथल्याच विद्यार्थ्याने, येथल्याच ऊतींवर, येथल्याच पैशाने सोडवावयाचा आहे. श्रीमंतांचा रोग म्हणून ज्याची बोळवण होते त्याचे गरिबी रूप कोणी वाचलेलेच नाही, ही खरी स्थिती.

असे वाचन आपल्याला जमते, याचा दाखलाही आहे. २००८ साली कर्करोगांच्या जनुकसंचांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य सुरू झाले तेव्हा स्वादुपिंडाचे काम ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांनी उचलले. भारताने गाल व हिरडीचा कर्करोग घेतला. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या देशाची ती योग्यच निवड होती. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र यांनी ते काम केले. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक रुग्णालय एकत्र आले म्हणून ते झाले.

जैवमाहितीशास्त्राचा मुद्दा यातूनच निघतो. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या ४५६ गाठींचे विश्लेषण होते. अशा माहितीचा मोठा भाग जगाला खुला आहे. नांदेडच्या वा कोल्हापूरच्या विद्यापीठातील विद्यार्थीही संगणकावर बसून तिच्यावर काम करू शकतो. महागड्या यंत्रांवाचून होऊ शकणारे कर्करोग-संशोधन ते हेच. मानवी जनुकसंच प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडात, वाचलेला मजकूर चोवीस तासांत सर्वांना खुला करावयाचा, असे ठरवले नसते तर ही परंपरा रुजलीच नसती. ज्ञानाच्या सामाजिक मालकीचा याहून धडधडीत दाखला समाजवाद्यांना शोधूनही मिळावयाचा नाही. परंतु व्यक्तिनिहाय कच्च्या माहितीच्या किल्ल्या परक्या हाती आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने चीन, रशिया, इराण आदी देशांच्या संशोधकांना आपली नियंत्रित भांडारे बंद केली. भारत त्या यादीत नव्हता. यादी करणाऱ्याच्या मर्जीवर किती दिवस विसंबावयाचे? फरिदाबादचे भारतीय जैविक माहिती केंद्र २०२२ मध्ये उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट. त्यात भर घालणारे आणि ते वाचणारे हात कुठून येणार, हा प्रश्न उरतोच.

परदेशी ‘संधीं’ची ग्वाहीही आता पोकळ ठरली आहे. २०२५ मध्ये वॉशिंग्टनने संशोधन अनुदानांना कात्री लावली आणि अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश घटवले. मॅसॅच्युसेट्समधील एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठाने तर दिलेले प्रवेश मागे घेतले.

मग दिल्लीचे सरकार काय करते? संशोधनावरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीनचा त्याच सुमारास २.४ टक्के. २०२२ च्या जुलैत सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. सरकारने एका हाताने दिलेले अनुदान दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली. पैकी ३६ हजार कोटी उद्योगपती आणि दानशूर देतील, असा अंदाज. ज्या भांडवलाने के-रासकडे तीस वर्षे पाठ फिरवली, ते केरळच्या टॅपिओका खाणाऱ्यांच्या स्वादुपिंडासाठी थैल्या मोकळ्या करील, हे समजण्यास फारच भाबडेपणा लागतो. पुढे २०२५ च्या जुलैत मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना मंजूर केली. कर्जे दीर्घ मुदतीची, व्याज अल्प वा शून्य.

एका संशोधकाचा पाच वर्षांचा खर्च २०२३ च्या दराने काढावा. पहिली दोन वर्षे ३७ हजार, पुढची तीन ४२ हजार. एकूण २४ लाख. असे एक हजार संशोधक केवळ कर्करोगाच्या जीवशास्त्रात आणि जैवमाहितीशास्त्रात उभे करावयाचे तर २४० कोटी. महानगरातले घरभाडे धरले तरी सव्वातीनशे कोटींच्या आत. उद्योगपतींसाठी मंजूर झालेल्या रकमेच्या एक टक्क्याचा हा तिसरा हिस्सा. ही रक्कम महिन्याच्या पहिल्या तारखेला पोहोचावी, निर्देशांकाशी जोडलेली असावी, आणि त्या श्रमांतून निघालेल्या औषधाच्या किमतीवर सरकारचा अंकुश राहील अशी अट एकस्वाच्या कागदातच घालावी, एवढी मागणी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचनेच्या रूपाने मांडता येण्यासारखी आहे. विद्यापीठांतील आणि रुग्णालयांतील कार्यकर्त्यांनी थकलेल्या अधिछात्रवृत्तींची महिनेवार यादी तोपर्यंत तयार ठेवावी.