ओंडक्यांचं घर, पण जुलैत?

जिभी किंवा तीर्थन व्हॅलीला जाऊन आलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण तरी असतोच, जो परतीच्या ट्रेनमध्ये जाहीर करतो, ‘आपण पण मुळशीला जागा घ्यायची आणि असंच लाकडाचं घर बांधायचं.’ मग रील्स सेव्ह होतात, चौघांत बजेट ठरतं, कोणीतरी कर्जाचा हप्तासुद्धा काढून बघतं. स्वप्न भारीच आहे. खटकतं ते एवढंच, की शेकोटीची जागा आधी ठरते आणि पागोळ्या कुठे पडणार हे कोणी विचारतच नाही.

नॉर्वे, फिनलंड, रशियात ओंडक्यांची घरं हौस म्हणून उभी राहिली नाहीत. दाराबाहेर पाइन-स्प्रूसची सरळसोट झाडं आणि लांबलचक हिवाळा. खाचा पाडून ओंडके कोपऱ्यांत एकमेकांत अडकवायचे, फटींत शेवाळ ठासायचं, झालं घर! अर्थात ‘झालं’ म्हणायला वेळ लागतो. लाकूड वाळताना लांबीत फारसं आकसत नाही, जाडीत आकसतं. आणि इथे तर ओंडक्यावर आडवा ओंडका. ओल्या लाकडाची आठ फुटी भिंत पहिल्या काही वर्षांत चार-पाच इंचसुद्धा खाली बसू शकते. म्हणून खिडकीच्या वर मुद्दाम फट ठेवतात आणि ती पट्टीने झाकतात. नाही ठेवली तर भिंतीचं ओझं चौकटीवर येतं आणि खिडकी अडकून बसते. रीलमध्ये ही फट दिसत नाही.

हिमाचलचंही तेच. तिथली जुनी काठकुणी पद्धत म्हणजे देवदारच्या तुळया आणि मध्ये चुना-सिमेंटशिवाय रचलेले दगड. देवदारच्या तेलामुळे कीड सहसा लागत नाही. खाली दगडाचं उंच जोतं, वर भिंतींच्या बाहेर आलेलं छप्पर. आता देवदार सहज मिळत नाही, त्यामुळे तिथेही स्लॅब पडू लागलेत, ते सोडा.

आता आपल्याकडे या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुळशी-ताम्हिणीचा पाऊसही काही कमी नाही. त्यात वाळवी. प्रक्रिया न केलेलं पाइन म्हणजे तिला मेजवानीच. आणि वीकेंड होम म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर कुलूप! लाकडी घराला बंद राहण्याइतकं वाईट काही नाही. रोज दारं-खिडक्या उघडणारं, बुरशीचा पहिला डाग दिसल्यावर पुसणारं, पावसाळ्याआधी तेलपाणी करणारं माणूस लागतं. ते चौघांपैकी कोण, हे आधी ठरवा.

कोकणातल्या जुन्या घरांत लाकूड भरपूर आहे, पण ते वर आहे. खांब दगडी तळखड्यावर, जोतं चिऱ्याचं, तुळया-वासे साग, ऐन, किंजळचे आणि छप्पर पडवीवरून चांगलं खाली उतरलेलं. लाकडाचे पाय कोरडे ठेवा, डोक्यावर मोठी छत्री धरा, हे नॉर्वेच्या सुतारालाही कळत होतं आणि आपल्याही. तरीही रिसॉर्टवाले सिमेंटचे ओंडके करून त्यांना चॉकलेटी रंग मारतात. वर गाठीसुद्धा रंगवतात! मला विचाराल तर त्यापेक्षा चिऱ्याच्या दोन खोल्या आणि वर खराखुरा लाकडी माळा कधीही बरा.

कागदांचंही बघून घ्या. राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही, त्यामुळे एनए प्लॉटच शोधावा लागतो. आणि ‘मामाच्या शेतात साग आहे ना’ म्हणून निघू नका. स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

बाकी प्लॉट दाखवायला एजंट डिसेंबरच्या गुलाबी थंडीत बोलावेल. तुम्ही जुलैत जा. गमबूट घालून, चौघंही.