शब्दांची खतावणी

दहावी उत्तीर्ण होताच आमच्या पेढीवरील इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. एका गिरणीकडून पन्नास ठाण कापड मागवायचे होते. मराठी-इंग्रजी कोशात ‘मागणी’समोर पहिलाच शब्द होता ‘डिमांड’. तो तर परिचयाचा. ‘या मालाला डिमांड आहे’ असे दलाल रोजच म्हणत. मी निःशंकपणे लिहिले, ‘वी डिमांड...’

दोन ओळींचे उत्तर आले : यापुढे माल रोखीनेच मिळेल. बारा वर्षांची उधारी बंद झाली. वडील रागावले नाहीत. त्यांनी ते पत्र केवळ माझ्यासमोर ठेवले. रागावले असते तर सोपे गेले असते.

शाळेतील इंग्रजीच्या सरांनी मग एक इंग्रजी-इंग्रजी कोश हाती दिला. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवीत असत. तेथील अनुभवातून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. हा त्याचाच पुढील अवतार. त्यात ‘डिमांड’ दोनदा आढळला. नाम असता गिऱ्हाइकांकडून असलेला उठाव. क्रियापद असता ठणकावून, हक्क असल्यासारखे मागणे. नामाची रक्कम मी क्रियापदाच्या खात्यावर मांडली होती!

वडिलांना इंग्रजी येत नसे, पण कोशाची रचना त्यांना माझ्याआधी उमगली. ‘रोजमेळ तारखेने चालतो, खतावणी नावाने. ही खतावणीच आहे,’ ते म्हणाले. पानाच्या माथ्यावर त्या पानातील पहिला व शेवटचा शब्द छापलेला असतो; तेवढे पाहून पाने उलटावीत, हे त्यांनीच दाखविले. आणखी एक सवय त्यांनी लावली, ताळा घेण्याची. मराठीवरून इंग्रजी शब्द मिळाला की तो इंग्रजी कोशात उलट शोधायचा, सर्व अर्थ खालपर्यंत वाचायचे आणि उदाहरणादाखल दिलेल्या वाक्यात आपले वाक्य बसते का, हे पाहायचे. नामापुढील ‘सी’ व ‘यू’ या अक्षरांकडे मी बरेच दिवस दुर्लक्ष केले. ‘सी’ म्हणजे मोजता येणारे, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारे. ‘इन्फर्मेशन’पुढे ‘यू’ आहे, म्हणून त्याचे ‘इन्फर्मेशन्स’ होत नाही, हे कळेपर्यंत किती पत्रांतून ते गेले असेल कोण जाणे!

आज नातवंडे भ्रमणध्वनीवर क्षणात अर्थ काढतात. सोय मोठीच; परंतु पहिला अर्थ दिसला की अंगठा तेथेच थांबतो. माझेही नेमके तेच झाले होते.

गिरणीला दुसरे पत्र लिहिले, तेव्हा वडिलांनी आरंभी क्षमायाचनेचे वाक्य घालावयास लावले. ‘अपॉलजाइज’ या शब्दाचे स्पेलिंग मी तीनदा तपासले. माल वेळेवर आला. उधारी पूर्ववत होण्यास मात्र पुढची दिवाळी उजाडावी लागली.