हायस्कूल म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे

शाळेचें काम मुलांस परीक्षेंत उत्तीर्ण करून देण्याचें आहे, बाकीचा सारा फापटपसारा होय, हें मत अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत इतकें रूढ झालें आहे कीं, त्याचा प्रतिवाद करूं जाणारा मनुष्य एक तर जुनाट ठरतो, नाहीं तर श्रीमंत. आम्ही श्रीमंत खचित नाहीं. जुनाट आहों कीं काय याचा निवाडा वाचकांनीं करावा. दहावीचा निकाल लागला कीं वर्तमानपत्रांतून खासगी क्लासांच्या जाहिरातींची झुंबड उडते. मुलांचीं छायाचित्रें असतात, त्यांखालीं टक्के असतात. शाळेचें नांव बहुधा नसतें. ज्या शाळेनें त्या मुलास पांच वर्षें बसावयास बांक दिला, ती त्या चित्रांतून अशी साफ नाहींशी व्हावी हें विलक्षण. आणि त्याहून विलक्षण हें कीं, तें कोणासही विलक्षण वाटत नाहीं.

प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं त्याच्याच बाजूनें मांडतों. तो म्हणतो, साधारण घरच्या मुलास वर चढावयास एकच शिडी आहे, ती गुणांची. त्यास गायन, चित्रकला, खो-खो, हस्तलिखित मासिक असल्या गोष्टींत गुंतविणें म्हणजे त्या शिडीच्या पायऱ्या काढून घेणें होय. श्रीमंतांच्या मुलांनीं पोहावें, पियानो वाजवावा. गरिबाच्या मुलानें गणितें सोडवावीं. हें बोलणें ऐकावयास मोठें दयाळू वाटतें, आणि म्हणूनच तें घातक आहे. गणितें सोडविण्यास पुस्तक पुरतें, पाटी पुरते. आणि आजकाल तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दहा मास्तर तेंच गणित दहा तऱ्हांनीं समजावून सांगतात. पण धांवावयास मैदान, पाहावयास सूक्ष्मदर्शक, वाजवावयास तबला, चाळावयास दोन हजार पुस्तकें, आणि आपलें वेडेंवांकडें भाषण निमूटपणें ऐकून घेणारे चाळीस सोबती, या वस्तु दोन खोल्यांच्या घरांत कोणता बाप आणून देणार? श्रीमंताच्या मुलास शाळेनें त्या न दिल्या तर बाप देतो. गरिबाच्या मुलास शाळेनें न दिल्या तर कोणीही देत नाहीं. तेव्हां सार्वजनिक शाळेंतून जें जें म्हणून छाटलें जातें, तें फक्त त्याच्याच वांट्यांतून छाटलें जातें. आणि हें करणारे लोक स्वतःस गरिबांचे कैवारी म्हणवितात!

परीक्षेचा लोभ आजचाच आहे, असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. हायस्कूल ही चीज आपल्याकडे वाढली तीच मुळीं परीक्षेच्या आश्रयानें. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें, आणि त्याच्या मॅट्रिकच्या दारांतून मुलें आंत लोटणें हेंच हायस्कुलाचें प्रयोजन, अशी त्या वेळच्या पालकांचीही समजूत होती. फरक इतकाच कीं, त्या काळच्या चांगल्या मास्तरांनीं त्या लोभास शाळा बळी दिली नाहीं. १८८० सालीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें; सरकारी नोकरीवर पाणी सोडून आलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर तेथें होते, गणित शिकविणारे टिळक होते. त्या शाळेचीं मुलें मॅट्रिकची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही पटकावीत. पण त्या शाळेची ओळख तेवढ्यावर राहिली नाहीं. तिची धुरा वाहणारे वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीं प्रसिद्ध झाला, आणि आजही तो अभ्यासकांच्या मेजावर आहे. शिकविणारा स्वतः कांहीं तरी करीत असतो, नुसता 'पोर्शन' संपवीत नसतो, हें मुलांच्या डोळ्यांस रोज दिसणें यास शिक्षण म्हणतात. आणि त्याचा पेपर काढतां येत नाहीं.

पुण्याचें सोडा. अमळनेर हें खानदेशांतलें तालुक्याचें गांव. तेथल्या प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० या सहा वर्षांत साने गुरुजी मास्तर होते. शाळेच्या छात्रालयांतील मुलांसाठीं ते हातानें लिहून एक दैनिक काढीत. दैनिक, वाचकहो, वार्षिक नव्हे! तें चालविण्यास पैसा किती लागला असेल? कागद आणि शाई. आमच्या आजच्या शाळांतून संगणक आहेत, छपाईचीं यंत्रें आहेत, भिंतीवर झळकणारे फळे आहेत. आणि वर्षाकांठीं एखादें हस्तलिखित निघालें तर त्याचें उद्घाटन करावयास आमदार बोलावितात. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९४० सालीं महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलें, तें तर ज्यांच्या घरीं अक्षर म्हणून नव्हतें अशा मुलांसाठीं. त्या मुलांना गुणांच्या शिडीची गरज आजच्या कोणाहूनही अधिक होती. तरी भाऊरावांनीं त्यांच्या हातांतून कुदळ काढून घेतली नाहीं. कमवा आणि शिका, असें सांगितलें. शेत खणणारा हात आणि पुस्तक उघडणारा हात एकाच मुलाचे असावे, एवढा सरळ विचार त्यामागें होता. १९१९ सालीं त्यांनीं काढलेली रयत शिक्षण संस्था आज जगते आहे. 'फापटपसाऱ्यानें गरिबाचें नुकसान होतें' असें म्हणणारांनीं या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी एकदां डोळ्यांखालून घालावी.

आतां सरकारची दृष्टि पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत असें आहे कीं, सहावी ते आठवीच्या शाळेंत शंभरांहून अधिक मुलें असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक नेमावे. अंशकालीन! म्हणजे मुलाचे डोळे, हात आणि पाय हे अर्धवेळच असतात, असें खुद्द कायद्यानेंच मानलें. नववी-दहावीस 'स्वविकास व कलारसास्वाद' नांवाचा एक विषय आहे; नांव असें कीं तो कालिदासानें नेमला असावा. त्यास गुण नाहींत, श्रेणी आहे. आणि श्रेणी कशी भरली जाते हें मास्तर जाणतात, मुलें जाणतात, पालकही जाणतात. वेळापत्रकांत तास असतो. त्या तासाला गणित चालतें. बरें, चित्रकलेच्या परीक्षा देणारांस आणि खेळाडूंस दहावीच्या निकालांत वाढीव गुण देण्याची सोय सरकारनें केली आहे. हेतु चांगला, यांत संशय नाहीं. पण त्याचा परिणाम काय झाला? इंटरमिजिएटचे क्लास निघाले. तेथें स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेलें चित्र! जत्रा, बसथांबा, पावसाळा, असे पांच-सहा देखावे घोटून घ्यावयाचे आणि प्रश्न येईल तसे उतरवावयाचे. ज्या रोगावर औषध म्हणून चित्रकला हवी होती, तोच रोग आपण चित्रकलेस लाविला.

शाळा म्हणजे धडेच, याहून निराळें कांहीं नाहीं, या मताची कसोटी घेण्याची एक संधि काळानेंच आणिली होती. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. धडे बंद झाले नाहींत. ज्यांच्या घरीं साधन होतें त्यांना ते पडद्यावरून मिळत होते. २०२१ सालीं दहावीची परीक्षाच झाली नाहीं, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. प्रतिपक्षाच्या हिशेबानें महाराष्ट्राच्या इतिहासांत याहून यशस्वी वर्ष झालेंच नाहीं! तरी त्या वर्षीं घरोघर आईबाप काय सांगत होते? मूल बोलत नाहीं, चिडतें, खिडकीशीं बसून राहतें. धडा होता, गुण होते, उत्तीर्ण होणें होतें. नव्हती ती फक्त शाळा. मधल्या सुटीची घंटा, डबा वांटून खाणें, पीटीच्या तासाची धूळ, संमेलनाच्या तालमी, शेजारच्या बांकावरचें भांडण आणि दुसऱ्या दिवशींची गट्टी, हा सारा फापटपसारा तेवढा गेला होता. इतकें डोळ्यांनीं पाहूनही दार उघडतांच आपण पहिलें काय केलें? बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठीं खेळाचे तास कापले.

अकरावी-बारावीविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तेथें लिहिण्यासारखें उरलेंच थोडें. नांव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि मूल दुसरीकडे क्लासांत, हा प्रकार इतका वाढला कीं २०१८ सालीं राज्य सरकारास कांहीं विभागांत यंत्रावर बोट ठेवून हजेरी घेण्याचा हुकूम काढावा लागला. तेथून पार होऊन आमच्यापुढें पदवीच्या वर्गांत जीं मुलें येतात, तीं बुद्धीनें आमच्या पिढीहून रतिभरही कमी नाहींत. पण नव्वद टक्क्यांचा मुलगा वीस जणांसमोर दोन मिनिटें उभा केला कीं त्याचा घसा कोरडा पडतो. ग्रंथालयांत मोकळा सोडला तर तो विचारतो, 'सर, यांतलें कोणतें वाचायचें आहे?' आवडीनें पुस्तक निवडण्याची पाळी त्याच्यावर अठराव्या वर्षापर्यंत आलेलीच नसते. आम्ही त्यास दोष देत नाहीं. त्यास जें कोणी दिलें नाहीं, तें त्याच्यापाशीं कोठून असावें?

यापुढचें लिहिणें आमच्या वाचकांस रुचणार नाहीं. ज्या शाळांविषयीं आम्ही लिहितों, त्या अनुदानित, नगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत वाचकांपैकीं कितीकांचीं मुलें आहेत? त्यांचे आजोबा तेथें शिकले, बहुधा तेही शिकले; मुलें मात्र निराळ्या गणवेषांत, निराळ्या बसमधून, निराळ्या दिशेनें जातात. १९६४ ते ६६ या काळांत बसलेल्या कोठारी आयोगानें सर्व थरांतील मुलांसाठीं एक समान शाळापद्धति सांगितली होती. ती सरकारनें आणली नाहीं हें खरें, पण आपणही ती कधीं मागितली नाहीं. आणि मौज ही कीं, आपण ज्या शाळांकडे गेलों त्यांचीं माहितीपत्रकें उघडून पाहावीं: तरणतलाव, संगीतकक्ष, नाट्यगृह, बुद्धिबळ, बागकाम! या गोष्टींसाठींच आपण वर्षाला लाखाच्या घरांत फी मोजतों. म्हणजे त्यांची किंमत आपणांस ठाऊक आहे, रुपये-आण्यांत ठाऊक आहे. मग त्याच गोष्टी दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेंत असाव्या म्हटलें कीं ती चैन कशी होते? आपल्या मुलासाठीं सर्वांगीण विकास आणि मोलकरणीच्या मुलासाठीं गाइड, ही वांटणी कोणत्या न्यायानें झाली, हें कोणी तरी आम्हांस समजावून सांगावें.

पैसा नाहीं, हें उत्तर आम्हांस पाठ आहे. वेतनेतर अनुदान तुटपुंजें मिळतें व तेंही वेळेवर मिळत नाहीं, ही संस्थाचालकांची तक्रार आम्ही खोटी म्हणत नाहीं. पण कपाटाला कुलूप घालून ठेवलेलीं पुस्तकें बाहेर काढण्यास अनुदान लागत नाहीं, आणि वेळापत्रकांतला तास ज्याचा त्यास देण्यासही लागत नाहीं. जेथें खरोखरच पैसा लागतो, तेथें तो मागावा: हायस्कुलास चित्रकला, संगीत व खेळ यांचे पूर्णवेळ शिक्षक, आणि पुस्तकांवर जीव असलेला एक ग्रंथपाल. हें मागणें आमदारापाशीं नेण्यापूर्वीं वाचकांनीं एक लहान काम करावें. त्यांच्यापैकीं अनेक जण आपापल्या जुन्या शाळेच्या संस्थेचे आजीव सभासद आहेत. वार्षिक सभेचें पत्र येतें, तें रद्दींत जातें. या वर्षीं सभेस जावें, शाळेचें वेळापत्रक मागून घ्यावें, आणि चित्रकलेच्या तासाला प्रत्यक्षांत कोण शिकवितो, काय शिकवितो, एवढेंच विचारावें. उत्तर लेखी मागावें.